साखरेवरची बोटं

साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि मी तशीच उभी राहिले.

"रंजना, इकडं ये गं."

सून चुलीपुढून उठून आली. हाताला भाकरीचं पीठ.

"ही साखर कुणी खाल्ली?"

तिनं वाकून डब्यात पाहिलं. "मुंग्या लागल्या असतील, आत्या."

"मुंग्या? चार बोटं साखर? पोती घेऊन आल्या होत्या काय?"

ती परत जाऊन भाकरी थापायला लागली. मीही पुढं काही विचारलं नाही, पण कुठंतरी पाणी मुरतंय हे मला तिथंच कळलं. कारण त्या वर्षी आमच्या घरात साखरेला कामच नव्हतं. आमचे मालक वैशाखात गेले होते. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड शिजवायचं नाही. त्यात मी बाराव्यालाच सगळ्यांसमोर गोड सोडलेलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. रंजना माझ्यादेखत तसाच प्यायची. मुलगा दिलीप साताऱ्याला कारखान्यात, शनिवारी यायचा, त्याला दोन चमचे लागले तर लागले. रेशनची साखर नुसती साठत होती. आणि ती उतरत होती!

मी काय केलं, साखर हातानं सपाट केली आणि वर पाच बोटं दाबून ठेवली. माझा पंजा मोठा. मालक चेष्टेनं म्हणायचे, हिच्या एका थापटीत परातीएवढी भाकरी होते. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं. पाच बोटं होती, पण माझी नव्हती. बारीक, एकमेकांना चिकटलेली. साखर आणखी बोटभर खाली गेलेली.

आता आठवलं की हसू येतं. सुनेनं घाबऱ्याघुबऱ्या आपला हात दाबला असणार आणि वाटलं असणार, झालं काम! पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात चोर आहे, आणि तो मला वेड्यात काढतो आहे.

आमची वाडी महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, घोंगडी निथळत नाही. परसात, दगडांच्या गडग्याच्या आत, मालकांच्या सहा मधपेट्या होत्या. सातेरी जातीच्या माश्यांच्या. तीस वर्षं त्यांनी त्या जपल्या. जांभळाचा बहर संपता संपता एका दुपारी पेट्या बघून आले, तांब्याभर पाणी प्याले, खांबाला टेकले ते टेकलेच. बोलायलासुद्धा सवड दिली नाही त्यांनी मला.

बाराव्याला माणूस लोटलं. मला वाटलं, मधवाल्याच्या दारात आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये. दिलीपला सांगितलं, पेट्यांतला मध काढ आणि प्रत्येकाला एकेक बाटली दे, वडलांची आठवण म्हणून. त्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं सहाच्या सहा पेट्या निपटून काढल्या. लोक म्हणाले, वैनीचं मन मोठं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकच माणूस तसं म्हणाला नाही. कोंडिबा ढेबे. वरच्या धनगरवाड्यातला, मालकांच्या बरोबरीचा, त्यांच्यासारखाच मधाच्या नादातला. बाटली पुढं केली तर ती न घेताच त्यानं विचारलं, "सगळा काढलात, वैनी?"

"हो, सगळा. का? तुमचा वाटा राहिला काय, भावजी?"

त्याचं तोंड उतरलं. "तसं नव्हं. पण पेट्या आता बघाव्या लागतील. पाऊस लागायच्या आत—"

मी त्याला तिथंच तोडलं. दोन वर्षांपूर्वी यानंच मालकांकडं दोन पेट्या मागितल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. चार माणसांत बजावून सांगितलं, "पेट्यांना कुणी हात लावायचा नाही. ते ठेवून गेलेत तशा राहतील. दिलीपनं नाही, तुम्ही नाही, कुणी नाही."

मालकांचा नियमही तोच होता. आषाढ लागला की पाणी आत जाऊ नये म्हणून पेट्यांवर गवताची झडी बांधायची आणि दसऱ्यापर्यंत पेटी उघडायची नाही. पावसात पेटी उघडणाऱ्यावर ते खवळायचे. मी तो नियम धरून बसले. आणखी धरायला होतं काय माझ्याकडं?

त्या पावसाळ्यात माझं काम एकच. मागच्या दारात पाट टाकून बसायचं आणि ऐकायचं. पाऊस जरा उघडला की पेट्यांतला गुणगुणाट यायचा. बारीक, एकसुरी. तो ऐकला की वाटायचं, हे परसात आहेत, आत्ता हात धुऊन येतील. वेणी घालायची शुद्ध नव्हती. रंजना ताट आणून ठेवायची, मी सरकवायची.

"दोन घास तरी खावा की, आत्या."

"ठेव तिथं."

ते तिथंच गार व्हायचं. मग ती मुकाट्यानं उचलून न्यायची.

रंजना फलटणकडची. लग्नाला दोन वर्षं झालेली, पोरबाळ नाही. आमच्याकडचा पाऊस तिला सोसत नव्हता आणि माश्यांचं तर एवढं भय की एखादी घरात शिरली तरी पदर डोक्यावरून घेऊन पळायची. मालक हसून म्हणायचे, "अगं, ती तुला ओळखायला आली!" ही मात्र न्हाणीघरात कडी लावून बसलेली.

आणि हीच रंजना एक दिवस तिन्हीसांजेला परसातनं आली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"काय झालं गं?"

"पडले, आत्या. शेवाळावरनं पाय घसरला."

"डोळ्यावर पडलीस?"

"व्हय."

सगळं अंग सोडून डोळ्यावर पडलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. जवळ जाऊन बघितलं तर भुवईखाली बारीक काळा काटा तसाच होता. माशीची नांगी मी तीस वर्षं ओळखत होते. चोराला आधी पूर्ण चोरी करू द्यावी, मग धरावं, असं माझं आपलं.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बसले. दोन-तीन दिवसांआड, दिवेलागणीच्या आधी, रंजना डोक्यावर इरलं घेऊन पदराआड काहीतरी झाकून परसात जायची. एकदा गडग्यापाशी कोंडिबा उभा दिसला. दोघं हलक्या आवाजात बोलत होती. मी दारात आले तशी गप्प झाली. कोंडिबा माझ्याकडं न बघता चालू लागला.

"काय म्हणत होता?"

"काय नाय. पाऊस लई हाय म्हणत होता."

"पाऊस आहे हे सांगायला डोंगर उतरून आला?"

तिनं मान खाली घातली. मला सगळं लख्ख दिसलं! कोंडिबाला पेट्या पाहिजेत. सुनेला हे पावसाचं गाव नको, हे बारा महिन्यांचं दुखणं नको. दोघांनी संगनमत केलंय. माझा धनी गेल्याला तीन महिने झाले नाहीत तोवर त्याची मिळकत पदराआडून बाहेर चालली आहे. साखर कशाला लागते, हे कोडं तेवढं सुटत नव्हतं. मग तेही मी सोडवलं. साखर जात असणार कोंडिबाच्या घरी, त्याच्या मदतीबद्दल. कावीळ झालेल्या माणसाला काय, हळदही पिवळी आणि दूधही पिवळं.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी तिच्या मागं गेले. फणसाच्या बुंध्याआड उभी राहिले. पाऊस थोडा उघडला होता. रंजनानं तोंडाला पदर गुंडाळला होता. तिनं पहिल्या पेटीवरची झडी सरकवली, झाकण उचललं आणि आतनं एक करवंटी बाहेर काढून पिशवीत टाकली. करवंटीतनं मध काढून नेते! भर पावसात पेटी उघडून! मालक असते तर काय म्हणाले असते?

मी तिथं ओरडले नाही. घरात आले, ट्रंकेतलं जुनं पितळी कुलूप काढलं. ती आत आल्याबरोबर परसाच्या फाटकाला ते ठोकलं आणि किल्ली कनवटीला लावली. साखरेचा डबाही उचलून माझ्या खोलीत नेला.

रंजना माझ्या मागं मागं आली. तोंड पांढरं पडलेलं.

"आत्या, कुलूप नका लावू."

"का? धंदा बुडतो?"

"आत्या, मी पेट्यांसाठीच सांगते—"

"पेट्यांचं नाव तोंडात घेऊ नको! सगळं बघितलंय मी. तू आणि तो कोंडिबा."

"एकदा माझं ऐका तरी."

"काय ऐकू? माझा माणूस मेलाय, तुझा नव्हे. तुला काय त्याचं?"

ती बघतच राहिली. मालक तिला 'बाळ' म्हणायचे. तिच्या बापानंही तिला कधी बाळ म्हटलं नसेल, तो ती सहा वर्षांची असताना गेलेला. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोलले.

शनिवारी दिलीप आला. मी त्याला काही सांगितलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, पंचमीला माहेरी जाऊन येते. रविवारी सकाळी दोघं एसटीनं गेली; पुढच्या शनिवारी दिलीपला सुट्टी नव्हती. जाताना ती पाया पडली आणि म्हणाली, "जेवत जावा, आत्या." मी म्हटलं, बघते.

घर मोकळं झालं. मला वाटलं, आता सुखानं बसेन. पाट टाकला, कान दिला. पाऊस धो धो. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा उघडला तेव्हा गुणगुणाट आला, पण अगदी बारीक. चौथ्या दिवशी वाटलं, वारा उलटा आहे म्हणून येत नाही. सहाव्या दिवशी वाराच नव्हता. मी पाट फाटकाजवळ नेला, डोक्यावर इरलं घेऊन बसले. फणसाच्या पानांवरून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. तरी मी कुलूप काढलं नाही. पावसात पेटी उघडायची नाही.

आठव्या दिवशी कोंडिबा आला. घोंगडीची खोळ घेतलेली, ओलाचिंब. दारात आला नाही, सरळ फाटकाशी गेला आणि कुलूप हातात धरून उभा राहिला.

"वैनी, किल्ली आणा."

"पेट्या न्यायच्या आहेत?"

"न्यायला काय राहिलं असलं तर." तो असं बोलणारा माणूस नव्हता. "कवाधरनं हाय हे कुलूप?"

"आठवड्यावर झालं."

त्यानं डोळे मिटून घेतले. मग सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगू लागला. "पावसात माशीला फूल न्हाय मिळत, वैनी. बाहेर पडता येत न्हाय. ती साठवलेल्या मधावर जगती. आमी समदा मध काढतो आन् पावसात साखरंचा पाक घालतो करवंटीत. तुमचा मालक घालत नव्हता, कारण तो निम्मा मध मागं ठेवायचा. म्हणून त्याला पेटी उघडाय लागत नव्हती. तुमी बाराव्याला समदा काढून वाटलात. मी तवाच सांगत हुतो."

माझ्या कनवटीची किल्ली मला जड लागायला लागली.

"रंजना..." मी म्हटलं.

"ती पोरगी माझ्याकडं चालत आली, आषाढाच्या पावसात, धनगरवाड्यावर. म्हणली, आजोबा, मला शिकवा, आत्यांना कळलं तर हात लावू देणार न्हाईत. मी म्हटलं, मीच घालतो की पाक. तर म्हणली, तुमी दिसलात तर आत्या अजून चिडतील. लांबूनच सांगत जावा. किती डसल्या तिला! एकदा शब्दानं बोलली न्हाय."

कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. कोंडिबानं दगडानं ठोकून काढलं.

पहिली पेटी उघडली. चौकट वर घेतली आणि माझ्यापुढं धरली. पोळ्याच्या एकेका घरात एकेक माशी, डोकं आत खुपसून. नुसत्या पाठी दिसत होत्या. शेकड्यांनी. शेवटचा थेंब सापडतो का म्हणून आत शिरल्या होत्या आणि तशाच मेल्या होत्या. दुसरी पेटी तशीच. तिसरी, चौथी तशीच. पाचवीत मेलेल्याही नव्हत्या, पावसात निघून गेल्या होत्या. एवढ्या पावसात कुठं जाणार त्या?

मी चिखलात बसले. मालक गेले तेव्हा मी रडले नव्हते, बायका म्हणत होत्या हिचं काळीज दगडाचं. त्या दिवशी मात्र मला आवरेना. "मारल्या मी, भावजी. त्यांच्या माश्या मी मारल्या!"

कोंडिबानं मला उठवलं नाही. तो सहाव्या पेटीवर वाकला होता. फणसाखालची, सगळ्यांत लहान. त्यानं झाकणाला कान लावला, बराच वेळ.

"वैनी, रडायचं मागनं. साखर आणा. आन् पाणी कढवा. बिगी बिगी!"

मी धावत आत गेले. माझ्या खोलीतला डबा काढला, झाकण उघडलं. वर रंजनाची ती बारीक पाच बोटं तशीच होती. मला त्यात हात घालवेना. मग कडेकडेनं वाटी भरून घेतली. पाणी कढवलं, साखर घातली, पाक कोमट केला, करवंटीत ओतला, वर गवताच्या काड्या टाकल्या, माश्या बुडू नयेत म्हणून. कोंडिबा सांगत गेला, मी करत गेले. पेटी मी स्वतः उघडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आत मूठभर माश्या एकमेकींना धरून बसल्या होत्या, उडायची ताकद नव्हती. करवंटी ठेवली तशी एक सरपटत आली. काडीवर चढली. तोंड लावलं. मग दुसरी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. माझ्यामागं पाक घालायला कोंडिबा राहिला, फाटक उघडं होतं. घाट उतरला तसा पाऊस मागं राहिला. फलटणला उन्हानं डोळे दिपले. दोन महिन्यांनी मी माझी सावली पाहिली.

रंजनाची आई दारात आली, मला बघून बावरली. "विहीणबाई, अशा अचानक? पोरीचं काही चुकलं का?"

"पोरीचं नाही," मी म्हटलं. "माझं."

रंजना आतनं आली. डोळ्याखाली अजून हिरवट डाग होता. मी वाटभर बोलायचं जुळवलं होतं, घाटातच सगळं विसरले. मी काही बोलायच्या आधीच तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "किती राहिल्या?"

"एक. फणसाखालची."

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला एवढं टोचून बोलले तेव्हा रडली नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून मी तिला कधी असा हात लावला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस, रंजना? चोर म्हणून घेतलंस, तरी?"

"तुमी ऐकलं नसतं. आणि बंद केलं असतं."

"अगं, पण तुला माशीचं एवढं भय. कशाला गेलीस मरायला? गेल्या असत्या पेट्या तर गेल्या असत्या."

तिनं डोळे पुसले. "पेट्यांचं नव्हं, आत्या. तुमी जेवत नव्हता, बोलत नव्हता. दिवसभर त्यांचा आवाज ऐकत बसायचा. मला वाटलं, तो आवाज थांबला तर तुमीबी..."

आतनं विहीणबाईंनी चहा आणला. कपातनं वाफ येत होती. एवढ्यात रंजना घाईनं उठली, "आई, आत्यांना बिनसाखरेचा. त्यांनी गोड सोडलंय—"

"असू दे गं," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांदेखत मी तो चहा सगळा प्याले. चांगला गोड होता.

मग तिनं विचारलं, "सकाळपासनं काही खाल्लंय का?"

"नाही."

"चला, आधी जेवा," ती म्हणाली. मी हात धुतले आणि पानावर बसले.